चित्रातला दुसरा सूर्य

रक्त दुकानाच्या उंबऱ्यावरून ओघळत फुटपाथवर आलं, तेव्हा शेजारी चपला शिवत बसलेल्या म्हाताऱ्याला वाटलं, आपलीच लाल पॉलिशची बाटली लवंडली. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, आणि मग अशी बोंब ठोकली, की कोपऱ्यावरच्या ठार बहिऱ्या न्हाव्यानंही वस्तरा थांबवून मान वळवली.

तपासणीस बाई पोचल्या तोवर गर्दीनं खटला चालवून निकालही लावून टाकला होता. दुकानासमोर एक तरुण पालथा पडला होता आणि ज्याला जागा मिळेल तो त्याला लाथ घालत होता. त्याचे दोन दात गटाराच्या जाळीवर पडले होते.

बाईंनी हातातली काठी पहिल्याच्या पाठीत घातली, दुसऱ्याच्या नडगीवर. तिसऱ्याला मारायची गरजच पडली नाही.

ठाण्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. अंग दीड माणसाचं, गुडघे पाव माणसाचे, आणि नजर अशी की समोरच्याला न केलेला गुन्हाही आठवावा.

"कोण हा?"

"मेलेल्याचा धाकटा भाऊ," लंबू शिपाई म्हणाला. हा गडी इतका उंच, की खाली पाऊस पडायच्या आधी त्याची टोपी भिजलेली असायची. "यानंच मारलंय मावशी. हात बघा."

हात कोपरापर्यंत लाल होते.

"मारताना पाहिलं कुणी?"

"पाहिलं नाही. पण वहिनी ओरडली, 'भाऊजींनीच केलं.' सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सगळ्या गल्लीनं ऐकलंय. हा म्हणाला होता, 'एक दिवस तुझा गळा कापला जाईल.'"

"आणि गळाच कापलाय?"

"आत या, बघा."

मेलेला माणूस चौकटी करायचा. चित्र, फोटो, भरतकाम, काहीही आणा, त्याला शोभेल अशी चौकट. त्याचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे, कारण सगळा गाव त्याला काटकोन म्हणायचा. लोक सांगत की तो बायकोचा भांगसुद्धा सुताराचा गुण्या लावून तपासायचा, आणि झोपेत कूस वळली तरी पलंगाच्या कडेला समांतरच. आज मात्र तो कामाच्या टेबलाखाली असा वाकडातिकडा पडला होता, की जिवंत असता तर स्वतःलाच लाज वाटून मेला असता.

लाकडी हातोड्याचा घाव तोंडावर बसला होता. जबडा डावीकडे सरकून गालातून हाड वर आलं होतं. पण मरण आलं ते मानेतल्या काचेनं. सुरीएवढा लांब तुकडा कानाखालून आत शिरला होता आणि दुसऱ्या बाजूनं त्याचं टोक बाहेर डोकावत होतं. टेबल, भिंत, छताचा दिवा, रक्ताचे शिंतोडे नाहीत अशी एक वस्तू नव्हती.

लख्ख उजेड पडला. पुन्हा पडला. ठाण्याचा फोटोग्राफर कामाला लागला होता. अबोल माणूस, हातांत नेहमीचे पातळ रबरी मोजे. लख्ख, लख्ख, असं करत तो प्रेताभोवती फिरला.

"बायको जेवतेखाते का रे आता?" मावशींनी हळूच विचारलं.

"थोडं थोडं," तो म्हणाला आणि वाकून काचेचा फोटो घेतला.

"दुकानातलं काही सोडू नकोस. चारी भिंती, दारं, सगळं."

त्यानं मान डोलावली. समोरच्या टपरीवरून लंबूनं सगळ्यांना चहा आणला. फोटोग्राफरनं उभ्याउभ्या घेतला, मोजे घातलेल्या हातांनीच, आणि काम संपवून निघून गेला.

मावशी जमिनीकडे बघत होत्या. त्यांचे गुडघे वाकत नसत, म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि खुर्चीसकट दुकानभर फिरल्या.

प्रेतापासून चार हातांवर कचऱ्याचं खोकं पालथं पडलं होतं. त्यातल्या कागदापुठ्ठ्याच्या पट्ट्या जमिनीवर पसरल्या होत्या. झटापटीत सांडल्या असं म्हणावं, तर त्या एकमेकींवर नव्हत्या. कुणीतरी एकेक उचलून बाजूला ठेवली होती. जवळपास प्रत्येक पट्टीवर रक्ताचा डाग होता.

"लंबू, खून केल्यावर माणूस काय करतो?"

"पळतो."

"हा कचरा निवडत बसला होता. गल्ल्याला हात नाही, आणि कचऱ्याला मात्र दोन्ही हात."

खोक्यापासून रक्ताचे थेंब मागच्या दाराकडे गेले होते. पहिले मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे. दारापाशी तर चक्क रुपयाएवढा एक.

मावशींनी ते दोनदा पाहिले आणि भावाला आत आणायला सांगितलं. लंबूनं त्याला जवळजवळ उचलूनच आणलं. बरगड्यांना हात लावला की तो कण्हत होता.

"बादली आण. याचे हात धू."

"मावशी, पुरावा आहे तो."

"पुरावाच बघायचाय. धू."

पाणी लाल झालं, हात पांढरे झाले. मावशींनी दोन्ही तळवे उजेडात धरले, बोटं उलगडून पाहिली. जुने घट्टे होते. ताजा ओरखडासुद्धा नव्हता.

"कुठे होतास?"

"काच आणायला गेलो होतो. आलो तर दादा पडलेला. मान दाबून धरली, पण रक्त थांबेना. बोटांतून येतच राहिलं. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. तिनं मला तसंच पाहिलं."

"दुकानात आणखी कुणी होतं?"

"मागचं दार आपटलं. मला वाटलं वारा."

"सकाळी काय म्हणालास दादाला?"

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले.

"बोल बाबा. मी साहेब नाही, पण साहेब आला की तुला हे सगळं फासाच्या दोरीसमोर बोलावं लागेल."

"म्हणालो, एक दिवस तुझा गळा कापला जाईल. म्हणालो मी. खोटं कशाला सांगू? पण तो गळा मी कापीन असं नव्हतं म्हणायचं. दादा चित्रं कापायचा."

"म्हणजे?"

"चौकटीत बसलं नाही की कड कापायची. बोटभर, दोन बोटं. मला विचारायचा, दोन बोटांनी काय बिघडतं? तो म्हणायचा, चौकट बोलते आणि चित्र ऐकतं. मी म्हणायचो, दादा, लोक जीव लावतात रे चित्राला, एखादा माथेफिरू भेटेल. गेल्या आठवड्यात त्या चित्रकाराच्या समुद्राची कड उडवली. तो केवढा भडकला होता."

चित्रकाराला बोलावणं गेलं. तो आला तो रंगानं माखलेला कोट, उजव्या अंगठ्याला भलंमोठं बांधलेलं फडकं आणि त्याहून मोठं तोंड घेऊन.

"मेला? वाईट झालं. पण माझ्या समुद्राचा किनारा कापला त्यानं. किनाऱ्याशिवाय समुद्र म्हणजे काय? निळी फरशी."

"अंगठ्याला काय झालं?"

"मांजर चावली."

"कुणाची?"

"माझीच. तिलाही कलेतलं कळतं, म्हणून चावली."

मावशींनी फडकं सोडायला लावलं. चार बारीक भोकं, दाताची. तळवा मात्र धडधाकट.

"आज दुपारी कुठे होता?"

"तुमच्याच ठाण्यात, बाई. या काटकोनाविरुद्ध तक्रार द्यायला. या तुमच्या खांबानं मला बाकावर बसवलं आणि नंतर हाकलून दिलं. म्हणाला, समुद्र कापला तर आरमाराकडे जा."

मावशींनी लंबूकडे पाहिलं. लंबू छताकडे बघू लागला. त्याला ते जवळही होतं.

"खरं आहे," तो पुटपुटला. "आमची चकमक चालू असतानाच खबर आली."

साहेबांचा फोन आला. भाऊ रंगेहात सापडलाय, बायको साक्षीला आहे, धमकी सगळ्यांनी ऐकलीय, आता अजून काय घोडं अडलंय? संध्याकाळपर्यंत त्याच्यावर खुनाचा गुन्हा लावून मोकळे व्हा.

"लावते," मावशी म्हणाल्या. "खुनी सापडला की लगेच लावते."

फोन ठेवून त्या भिंतीसमोर जाऊन बसल्या. तयार चौकटी खुंट्यांना टांगल्या होत्या, गिऱ्हाइकांनी न्यायच्या. त्यात एक कोरीव पानवेलीची होती, इतकी नाजूक की फुंकर मारली तर पान हलेल असं वाटावं. आणि तिच्यात काय, तर लहान मुलानं खडूनं काढलेलं चित्र.

एक घर. घराहून मोठी मांजर. एक बाई, तिच्या हातात हात दिलेली मुलगी. डाव्या कोपऱ्यात वर आकाशात सूर्य, डोळे आणि हसरं तोंड असलेला. आणि उजव्या कडेला, बाईच्या छातीएवढ्या उंचीवर, आणखी एक सूर्य. अर्धाच. पांढरेपिवळे लांबलांब काटे कडेतून आत घुसले होते आणि उरलेला गोळा कडेपलीकडे राहिला होता.

"दोन सूर्य कसे रे?"

"पोरं काय, दोन काढतात, चार काढतात," लंबू म्हणाला.

"वरच्याला डोळे आहेत. खालच्याला का नाहीत? आणि बघ, ही बाई, ही मुलगी, ही मांजरसुद्धा, सगळी मान वळवून त्या कडेकडे बघतायत. दात काढून हसतायत. मांजर कुणाला दात दाखवतेय?"

लंबूनं मांजरीकडे निरखून पाहिलं. मांजरीनं काही सांगितलं नाही.

वहिनी मागच्या खोलीत बसली होती. डोळे कोरडे झाले होते. मावशींनी तिच्यासमोर ती चौकट आणून धरली.

"ही कुणाची?"

तिनं पानवेलीवरून बोट फिरवलं. "आमची. आमच्या लग्नाच्या फोटोसाठी स्वतः कोरली होती ह्यांनी. काल जेवताना म्हणाले, 'ती चौकट देतोय मी एकाला. रागावू नकोस. बापाजवळ लेकीचं एवढंच उरलंय. म्हणाला, चौकट कसलीही लावा पण चांगली लावा. आपल्या दुकानात हिच्याहून चांगली कुठली?' मी म्हटलं, द्या."

"त्या बापाचं नाव?"

"नाही सांगितलं. मी विचारलंही नाही."

"चित्र चौकटीत नीट बसत होतं का?"

ती थबकली. "नसेल बसलं. मग त्यांनी..." पुढचं तिनं गिळलं.

"बाई, तुम्ही दिराला मारताना पाहिलंत?"

"मान धरलेली पाहिली."

"दाबताना की सोडवताना?"

वहिनीनं तोंडावर हात धरला.

मावशी उठल्या. "लंबू, साहेबांना बोलाव. आणि फोटोग्राफरलाही. म्हणावं, एक फोटो राहिलाय."

सूर्य कलला तोवर सगळे दुकानात जमले. प्रेत नेलं होतं, डाग तसेच होते. साहेब रुमालानं नाक झाकून उभे. बेड्या घातलेला भाऊ भिंतीला टेकून. वहिनी त्याच्यापासून शक्य तेवढी लांब. चित्रकाराला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आला होता.

"सांगा मावशी," साहेब म्हणाले, "आणि थोडक्यात."

"थोडक्यातच आहे. ज्यानं खून केला त्याचा हात कापलेला आहे. काचेचा तुकडा मुठीत धरून मानेत एवढा खोल घालायचा, तर काच दोन्हीकडे कापते. पुरावा म्हणाल तर हे थेंब बघा. दुसऱ्याच्या रक्तानं माखलेला हात गळत गेला तर थेंब लहान होत जातात. हे मोठे होत गेलेत. म्हणजे हे रक्त त्याच्या स्वतःच्या हातातून येत होतं, आणि वाढत होतं. या भावाचे हात मी धुऊन पाहिले. साधं कुसळ रुतलेलं नाही."

भावानं मान वर केली.

"आता कचरा. काटकोनाला चित्रांच्या कडा कापायची खोड होती. खुनी कापलेली एक कड शोधत होता, आणि ती त्याला सापडली. कशावरून? रक्ताचे डाग जवळजवळ सगळ्या पट्ट्यांवर आहेत, पण खोक्याखाली राहिलेल्या थोड्या कोऱ्या आहेत. तिथे शोध थांबला. ती पट्टी कुठल्या चित्राची? या चित्राची." त्यांनी चौकट टेबलावर उभी केली. "यातला हा दुसरा सूर्य अर्धा कापलाय. हा सूर्य नाहीच. सगळे ह्याच्याकडे तोंड करून दात दाखवतायत, मांजरसुद्धा. माणसं अशी एकाच वेळी कुणाकडे बघून हसतात?"

"फोटो काढणाऱ्याकडे," चित्रकार म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो एक पाऊल मागे सरला.

"हा फ्लॅशचा उजेड आहे. आणि फ्लॅशमागे उभा असलेला माणूस दोन बोटांच्या पट्टीत राहत होता. आता जी नाही त्या मुलीनं घर काढलं, आई काढली, मांजर काढली आणि कडेला बाप काढला, त्याच्या कॅमेऱ्यासकट. तो कापला गेला."

फोटोग्राफर टेबलाशी उभा होता. कॅमेरा गळ्यात, हात कॅमेऱ्यावर.

"तुझे फोटो पाहिले मी," मावशी त्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "प्रेत, हातोडा, काच, टेबल, तीन भिंती. चारी भिंती घे म्हटलं होतं. ही एकच नाही. वीस वर्षांत तू एक कोपरा सोडला नाहीस कधी. आणि दर वेळी चहा आला की आधी मोजे काढतोस. आज मोज्यांनीच प्यालास. आम्ही काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. मोजे काढ बाळा."

तो हलला नाही.

"साहेबांनी सांगितलं तर काढशील?"

त्यानं मान खाली घातली, जणू मोजाच काढतोय, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून सोडवला. पुढच्या क्षणी तो जड कॅमेरा लंबूच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साहेब टेबलामागे गेले. फोटोग्राफरनं टेबलावरून काचेचा तुकडा उचलला आणि दारात उभ्या असलेल्या चित्रकाराच्या गळ्याला लावला.

"वाट द्या."

कुणी हललं नाही. मावशी हलल्या. गुडघ्यांचा विचार न करता त्या दोन पावलं पुढे आल्या आणि टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून त्याच्या मनगटावर अशी हाणली, की काचेसकट हात खाली लोंबला. लंबूनं नाकातोंडातून रक्त गाळत त्याला कवेत घेतलं आणि जमिनीवर पाडलं. चित्रकार भिंतीला लागून खाली बसला. त्याच्या गळ्यावर लाल रेघ उठली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.

मोजा कापून काढला. तळव्यावरून बोटांपर्यंत मांस उघडं पडलं होतं. आत कापूस कोंबून वर मोजा चढवला होता. कॅमेऱ्याच्या पिशवीत, भिंगाच्या डबीत गुंडाळून ठेवलेली कागदाची पट्टी सापडली. तिच्यावर खडूनं काढलेला एक उंच माणूस, छातीवर काळी पेटी, पेटीतून निघणारा गोळा. माणसाचं तोंड कानापर्यंत हसरं. त्यावर रक्ताचं एक बोट उमटलं होतं.

"दुपारी न्यायला आलो," तो जमिनीवरूनच बोलू लागला. कुणी विचारलं नव्हतं. "त्यानं एवढ्या कौतुकानं दाखवली. म्हणाला, बघा, दुकानातली सगळ्यात चांगली चौकट. मी म्हटलं, मी कुठाय? तो म्हणाला, काय कुठाय? मी म्हटलं, इथे मी होतो. तो हसला. म्हणाला, हां, ती कड. जरा बसत नव्हतं हो, दोन बोटं उडवली, कचऱ्यात असेल. असं म्हणाला आणि पुन्हा पानं पुसायला लागला. हातोडा जवळच होता."

"आणि काच?"

"तो ओरडत होता. मला शोधायचं होतं. ओरडण्यात सुचेना."

साहेबांनी रुमाल खिशात घातला.

"पट्टी मिळाली होती," मावशी म्हणाल्या. "मग चित्र का सोडलंस?"

"भाऊ आला पुढच्या दारानं. पळालो. मग तुमचाच निरोप आला, फोटो काढायला ये. वाटलं, बरं झालं, आता घेऊन जाता येईल. पण हा लंबू भिंतीपाशीच उभा राहिला, आणि तो चहाला गेला तेव्हा तुम्ही होतात." तो लंबूकडे बघून म्हणाला, "नाकाला जोरात लागलं का रे?"

लंबूनं मान हलवली. हो की नाही, ते रक्तामुळे कळलं नाही.

त्याला नेलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं भावाच्या बेड्या काढल्या आणि काहीतरी दिलगिरीसारखं पुटपुटून ते बाहेर पडले. दुकानात दीर आणि भावजय उरले, आणि दारात मावशी, कारण गुडघ्यांनी आता संप केला होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. "लोकांना मीच सांगितलं."

"माहीत आहे."

"तुमचे दात..."

"राहू द्या ते." त्यानं जीभ दातांच्या जागी फिरवली. "दादाला उद्या देतील. शवपेटी कोण करणार म्हणून प्रेत नेणारे विचारत होते. त्यांच्याकडे तयार असतात."

"नको. तयार नको."

"मी करतो. तुम्ही फक्त माप सांगा, दादा उभा राहिला की तुमच्या कुठपर्यंत यायचा." त्यानं भिंतीला टेकवलेली लांब फळी उचलायचा प्रयत्न केला. बरगडीत कळ आली आणि फळी हातातून सुटली.

वहिनी उठली, पायाखालची काच चुरडत आली आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

"ठेवा टेबलावर," ती म्हणाली. "चार बोटं जास्तीच धरा."